मागे घेता येतो तो दावा

शेजारच्या काकूच्या मळ्याची वाट तिच्या दिरानं काटेरी तार ओढून बंद केली, तेव्हा टोमॅटो लालबुंद झाला होता. गाडी आत जाईना, माल बाहेर येईना. ऊन तर नुसतं आग ओकत होतं. फळं झाडावरच फुटायला लागली. आंबूस वास पार आमच्या ओट्यापर्यंत यायचा.

काकू पोलीस चौकीत गेली. मी सोबत होते.

हवालदार म्हणाला, "बाई, वाटेचं भांडण म्हणजे दिवाणी. कोर्टात दावा लावा."

"लावलाय की. वकील म्हणतो, वर्षं जातील. माल थांबतोय व्हय तेवढा?"

"मग आम्ही काय करणार? त्यानं मारलं असतं तर फौजदारी झाली असती. आत्ताच्या आत्ता उचलला असता."

ते काकूच्या डोक्यात बसलं. रोज तारेपाशी उभी राहून ती दिराला शिव्या घालायला लागली. त्यानं एकदा तरी हात उचलावा! पण गडी पक्का. हात जोडून म्हणायचा, "वहिनी, ऊन लागेल. सावलीत या."

शेवटी तिनं काकांपुढे दांडकं टाकलं.

"तुम्ही मारा. नाव त्याचं सांगते."

"डोकं फिरलं का तुझं?"

"वळ उठला म्हणजे झालं. का माल कुजताना नुसतं बघत बसायचं?"

काकांनी जन्मात कुणाला चापट मारली नव्हती. डोळे गच्च मिटून त्यांनी दांडकं हाणलं आणि काकूचं मनगटच मोडलं. किंकाळी ऐकून मी धावले, तर काका तिच्याशेजारी मटकन बसून पोरासारखे रडत होते.

चौकीत काकूनं दिराचं नाव सांगितलं. हवालदारानं कोपऱ्यातल्या बाकाकडे बोट केलं. दीर तिथेच बसला होता.

"हा सकाळपासून इथं आहे. तुम्ही शिव्या देता म्हणून तक्रार द्यायला आलाय. खरं सांगा, कुणी मारलं?"

काकूनं मोडका हात पदराखाली घेतला.

"मी," काका म्हणाले.

"अहो साहेब, माझी काही तक्रार नाही!" काकू मध्ये पडली. "घरातलं आहे, मिटवा."

"हाड मोडलंय, बाई. ही फौजदारी. यात फिर्यादी सरकार असतं. तुम्ही नको म्हणून मिटत नाही."

काकांना आत घातलं. जामिनासाठी काकू दारोदार फिरली, सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. शेवटी दीरच आला.

"दादा माझाच आहे, वहिनी. मी राहतो जामीन. फक्त तो वाटेचा दावा तेवढा..."

काकूनं वकिलाला विचारलं, "तो तरी मागे घेता येतो का?"

"दिवाणी आहे. दावा तुमचा. तुम्ही म्हणाल तेव्हा."

उजवा हात प्लास्टरात होता. काकूनं कागदावर डावा अंगठा उमटवला. शाई पुसायला दिरानं आपला रुमाल पुढे केला.

तिनं तो घेतला.