प्रज्ञा माझ्यावर निजली ती दोन वर्षं

मित्रांनो, सुप्याजवळच्या एका वस्तीवर शेवग्याच्या झाडाखाली मला मांडलेलं असतं. मी एक जुनी बाज आहे, बाभळीच्या चौकटीची, काथ्याने विणलेली. वाल्मिक सुताराने मला घडवलं. नवी होते तेव्हा पाहुणा आला की आधी मला झटकून पुढे करत. मग घरात दिवाण आला आणि मी भिंतीला टेकून उभी राहिले.

एका हिवाळ्यात घरातल्या तेरा वर्षांच्या प्रज्ञाला ताप आला, तेव्हा मला पुन्हा अंगणात आणलं. ताप आठवड्यात उतरला, पण प्रज्ञा काही उठली नाही. खो-खोत वाऱ्यासारखी पळणारी ही मुलगी, पण आता वेणी घालताना तिचे हात गळून पडत. कितीही झोपली तरी दमलेलीच. शेवग्याची सावली तिच्या अंगावरून सरकत राही आणि ती पुटपुटे, "आई, विहिरीच्या तळाशी पडल्यासारखं वाटतंय गं. समदं लांबून ऐकू येतंय."

असे सहा महिने गेले. रक्ताच्या तपासण्यांत काही सापडलं नाही. तिचे वडील सोपान कारखान्यात कामाला. एके सकाळी ते चिडले. "रिपोर्ट नॉर्मल हायेत. आळस भरलाय निस्ता. ऊठ, चालत जा शाळंत!"

"पप्पा, मला बी जायचंय हो," ती म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी हसत परतलीसुद्धा. पण दुसऱ्या दिवसापासून चार दिवस तिला मान उचलता आली नाही. उजेड सोसेना. माझा काथ्या तिच्या आसवांनी भिजला.

मग तिची आई जयमाला तिला नगरला डॉक्टर विजयाबाईंकडे घेऊन गेली. पुन्हा तपासण्या, पुन्हा फेऱ्या. शेवटी एका संध्याकाळी जयमाला माझ्या काठावर बसली आणि सोपानना म्हणाली, "दमल्यावर दुसऱ्या दिवशी काय होतं, हे त्या बाईंनीच पहिल्यांदा इचारलं. दुसरा कुठला आजार न्हाई, हे बी बघितलं. याला क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हनत्यात. खरा आजार हाय, ढोंग न्हाई. जोर करून चालवायचं न्हाई. दमायच्या आधीच थांबायचं."

"गोळी?"

"बरं करनारी गोळी न्हाई अजून. पर लई पोरं हळूहळू सुधरत्यात, म्हनल्या."

 सोपाननी प्रज्ञाचे पाय मांडीवर घेतले. "मीच चालवलं गं तुला," म्हणत ते तिचे तळवे चोळू लागले.

तेव्हापासून वीस मिनिटं अभ्यास, मग डोळे मिटून माझ्यावर पडणं. शाळेने दोनच तास यायची परवानगी दिली. सोपान तिला गाडीवर सोडत, आणत. कधी आठवडा बरा जाई, कधी सगळं पुन्हा मागे. पण आता कुणी तिला आळशी म्हणत नसे.

मित्रांनो, तुमच्या वर्गातलं कुणी दमलंय म्हणालं, तर आधी त्याचं खरं माना. त्याची वही लिहून द्या, बोलायला जा, आणि ते थकलं की हळूच उठून या.

आता दोन वर्षं झाली. काल दुपारभर मी रिकामी होते. प्रज्ञा पहिल्यांदाच दोन तासांहून जास्त शाळेत होती. शेवग्याची फुलं माझ्यावर पडत राहिली, आणि ती झटकायची कुणालाच घाई नव्हती.