निलमच्या हातचं पाणी

"साखऱ्याला आपली दुसरी शाळा हाय. तिथं जा. पगार तोच, काम तेच," संस्थेचे अध्यक्ष किसनराव खिडकीबाहेर बघत म्हणाले. "इथं लोक बोलून राहिले."

"बोलू द्या," निलम म्हणाली. "कोर्टाच्या आदेशात हीच शाळा हाय."

नरसीजवळच्या या अनुदानित शाळेत ती शिपाई होती. आधी पँट-शर्टात, पुरुषाच्या नावानं. मग नाव आणि लिंगाची सरकारी नोंद रीतसर बदलून ती साडी नेसून आली. त्याच सकाळी किसनरावांनी भर प्रार्थनेत तिचं जुनं नाव पुन्हापुन्हा पुकारलं. "हे सोंग उतरव, मंग आत ये." पोरं हसली. दोन शिक्षकांनी दंडाला धरून तिला फाटकाबाहेर काढलं. नोकरी गेली.

तिचे वडील पुंजाजी यांना तिची साडी कधीच मान्य झाली नाही. तरी औरंगाबाद खंडपीठातल्या पहिल्या तारखेला एसटीत तेच तिच्या शेजारी बसले. "लोकांसमोर तुला ढकललं, ते मला न्हाई पटलं," एवढंच म्हणाले. निकाल ऐकायला ते जिवंत राहिले नाहीत.

सुनावणीत न्यायमूर्तींनी संस्थेच्या वकिलाला विचारलं, "यांच्या कामात काय कमी होती?"

"मुलांवर परिणाम होतो, साहेब."

"कोणता?"

वकील कागद चाळत राहिले. आपण स्त्री की पुरुष हे ज्याचं त्यानं ठरवायचं, असं सुप्रीम कोर्टानं आधीच सांगितलेलं आहे. त्यावरून कामावरून काढणं हा संविधानाचा भंग आहे, असं म्हणत खंडपीठानं तिला त्याच शाळेत, त्याच कामावर, निलम याच नावानं परत घ्यायला लावलं.

निलमनं हात जोडले. पण आतली आग विझली नाही. नोकरी कोर्टानं दिली होती. उरलेलं तिला स्वतः वसूल करायचं होतं.

"मंग पायजे तरी काय तुला?" आता किसनराव खिडकीकडून वळून वैतागले.

"भाईर प्रार्थना चालू हाय. पोरांसमोर माझं नाव घ्या."

"हे कोर्टानं न्हाई सांगितलं."

"न्हाई सांगितलं. मी सांगून राहिले. न्हाई जमत तर मला साखऱ्याला पाठवून राहिले म्हणून माझ्या वकीलबाईंना कळवते. मंग तुमीच जाऊन उभे राहा कोर्टात."

किसनराव मैदानात गेले. "या... निलमबाई..."

"ऐकू न्हाई आलं."

"निलमबाई! आजपासून कामावर हायेत."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. कोणाला, ते कळलं नाही; किसनरावांची मान मात्र खाली गेली.

ऑफिसात येऊन ते घाम पुसत बसले. मुख्याध्यापक हरीश सर आणि ते दोघे शिक्षकही होते. निलमनं पाण्याचा ग्लास पुढं केला. ती पँट-शर्टात होती तेव्हाही किसनरावांनी या बौद्धवाड्यातल्या शिपायाच्या हातचं पाणी कधी घेतलं नव्हतं.

"राहू दे. चौकीदार थावराला सांग."

"काहून? शिपाई मीच हाय ना?"

ती हात लांब करून तशीच उभी राहिली. शेवटी त्यांनी ग्लास घेतला आणि तोंड न लावता वरून ओतू पाहिला. धार चुकली, पाणी सदऱ्यावर सांडलं. मग ओठ टेकवावेच लागले.

"सगळं प्या," निलम म्हणाली.

ते प्यायले.

रिकामा ग्लास घेऊन ती मागच्या नळावर गेली. चिमूटभर राख घेऊन तिनं किसनरावांचे ओठ लागलेला काठ घासला, धुतला. उजेडात धरून पाहिला. आणि पुन्हा घासायला घेतला.