राष्ट्रगीतानंतरच्या टाळ्या

एकोणीसशे चौसष्ट सालची गोष्ट. त्या वर्षी पाण्याची नवी टाकी बांधून झाली आणि तिच्या उद्घाटनाला नगरपालिकेचा बँड वाजला. टाकीचं उद्घाटन कुणी केलं ते आता कुणाला आठवत नाही. त्या दिवशीच्या टाळ्या मात्र आठवतात.

बँडमास्तर तेव्हा पन्नाशीचे. माणूस तसा साधा, पण अंगावर गणवेश चढला की घरच्यांनीसुद्धा चार हात लांब राहावं. त्यांची बायको म्हणायची, "पितळी बटणं घासायची मी, आणि चमकायचं ह्यांनी." त्या दिवशी मात्र बाईंच्या जिवाला घोर वेगळाच होता. त्यांची एकुलती लेक डोळ्यांच्या दवाखान्यात परिचारिका होती, आणि तिथल्याच एका परदेशी चष्मेवाल्यावर जीव जडवून बसली होती. मुलगा दोन वर्षं तिथं भिंगं घासत होता, भाषाही बऱ्यापैकी शिकला होता. त्याला समारंभाला बोलवायला मास्तर मोठ्या मिनतवारीनं तयार झाले होते. "बघू तरी, माणूस कसा उभा राहतो," एवढंच म्हणाले होते.

माणूस उभा राहिला तो छातीवर हात ठेवून. बाकी सगळ्यांचे हात खाली, नजर समोर, ओठ मिटलेले. बाई मनात म्हणाल्या, असू दे, छातीवरच ठेवलाय, खिशात तर नाही ना. राष्ट्रगीत संपलं. रिवाजाप्रमाणे सगळे तसेच निश्चल थांबले. अध्यक्ष खाली बसेपर्यंत खोकायचंसुद्धा नाही. आणि त्या शांततेत ह्यानं कडाकडा टाळ्या वाजवल्या. एकट्यानं. वर "वा!" म्हणून ओरडला.

झाडून सगळ्या माना वळल्या. मागून कुणी तरी म्हणालं, "हे ध्यान कुणाचं?" ढोलवाल्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. त्यानं लगेच सांगून टाकलं, "मास्तरांचा होणारा जावई!" धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं.

घरी आल्या आल्या मास्तरांनी टोपी खुंटीला अडकवली. "तुझ्या लेकीला सांग, हे लग्न व्हायचं नाही."

"माझी लेक? परीक्षेत पहिली आली तेव्हा तुमची होती."

"राष्ट्रगीत म्हणजे तमाशा वाटला त्याला? शिट्टी तेवढी राहिली होती!"

"अहो, पण एकदा विचारा तरी त्याला."

"विचारायचं काय? आंधळा आहे मी, का बहिरा?"

आतल्या खोलीत लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती म्हणाली, "आई, बाबा नाही म्हणाले तर मी त्यांच्या मनाविरुद्ध जाणार नाही. पण मग दुसऱ्या कुणाचं नाव माझ्यापुढे काढू नका." पोर बापावर गेली होती, बोलली म्हणजे बोलली.

दुसऱ्या दिवशी बाईंनीच त्या मुलाला बोलावून घेतलं. मास्तर पाठ करून ट्रम्पेट पुसत बसले. बाईंनी आडपडदा ठेवला नाही.

"का रे बाबा, टाळ्या कशाला वाजवल्यास?"

तो ओशाळला. "आमच्याकडे सगळे वाजवतात. मोठ्यानं गातात, संपलं की टाळ्या, आरोळ्या. गप्प राहिलं तर शेजारचा विचारतो, बरं नाही का तुला?" मग जरा थांबून म्हणाला, "काल तुम्ही सगळे इतके गप्प, मला वाटलं कुणी गेलं की काय."

बाईंना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. मास्तर पाठमोरेच गरजले, "इथं गप्प राहणं हाच मान!"

"ते आता कळलं. चुकलो मी. पण टाळ्या नुसत्या गीताला नव्हत्या. शेवटच्या ओळीला सगळे वर चढले आणि तुमचं ट्रम्पेट एकदम हळू झालं. एकटंच. मला माझं घर आठवलं. मग राहवलं नाही."

मास्तरांचा हात फडक्यावरच थांबला.

बाईंनी चौदा वर्षं ते गीत ऐकलं होतं, निदान त्यांना तसं वाटत होतं. दर वेळी त्या ताठ उभ्या राहायच्या, पुढच्याच्या मानेकडे बघायच्या आणि पाय दुखताहेत हे कुणाला कळू द्यायच्या नाहीत. ट्रम्पेट कुठं हळू होतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. अध्यक्षांना तरी कुठं होतं? मान द्यायच्या नादात ऐकायचंच राहून गेलं होतं.

फडकं पुन्हा ट्रम्पेटवर फिरू लागलं. मग मास्तरांनी तोंड न वळवताच विचारलं, "क्लॅरिनेट कसं होतं?"

"थोडं कच्चं."

"थोडं? गाढवानं पार वाट लावली!" मास्तर वळले. "बस, उभा का? आणि ऐक, इथल्या समारंभात पुन्हा टाळी नाही. काय बडवायचं ते तुझ्या देशात जाऊन बडव."

"म्हणजे लग्न..." लेक दारातून म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस. चहा टाक."

लग्न त्याच वर्षी झालं. क्लॅरिनेटवाल्याला मास्तरांनी झांजांवर बसवलं. त्यानं रागानं बँड सोडून सायकलदुरुस्ती काढली आणि चांगला कमावता झाला. ढोलवाला नगरसेवक झाला, तोंडाचं चीज झालं म्हणायचं. पुढचे दात पडल्यावर मास्तरांनी ट्रम्पेट पेटीत ठेवलं, आणि नंतर फार वर्षं काढली नाहीत. नवऱ्याबरोबर त्याच्या देशात गेलेल्या लेकीनं तिकडचं नागरिकत्व घेतलं. पण बाप होता तोवर अर्ज केला नाही. तिच्या नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान आता त्यांचा मुलगा चालवतो.

बाई पुष्कळ जगल्या. भांडून जमवलेल्या त्या लग्नानंच लेक समुद्रापार गेली होती. तीन-चार वर्षांनी एकदा यायची. शेजारीण विचारायची, "पस्तावलात का हो?"

"छे," बाई म्हणायच्या, "तिकडे तिचं सुखाचं चाललंय." आणि उठून पोस्टमन आला का ते बघायच्या.