एकच प्रत

उजव्या डोळ्यात थेंब पडताच सासूबाईंनी दोन्ही डोळे घट्ट मिटले, मान खुर्चीच्या पाठीला टेकवली आणि हुकूम सोडला,

"हं. राजकन्या भिंतीवरून उडी मारते, इथपर्यंत आलो होतो."

"मारली उडी," बाटलीला टोपण लावत सून म्हणाली. "पाय मुरगळला."

"मुरगळणारच. अंगावर एवढे दागिने घालून कोण पळून जातं?"

सून हसली आणि पुढचं सांगू लागली. सासूबाईंच्या डोळ्यांच्या नसा सुकत चालल्या होत्या. दारं, खुर्च्या, माणसं दिसत, अक्षरं मात्र दिसेनाशी झाली होती. ज्या बाईनं आयुष्यभर शिवणयंत्राला कादंबरी टेकवून दुसऱ्यांचे कपडे शिवले आणि नायक-नायिका भांडत असताना एकदा स्वतःचं बोटही शिवून घेतलं, तिच्यावर ही वेळ आली होती. तेव्हापासून वाचायचं काम सुनेकडे आलं. इस्पितळात एक्स-रे काढायची तिची नोकरी. बसमध्ये आणि दोन रोग्यांच्या मधल्या वेळात ती वाचायची, आणि संध्याकाळी थेंब घातल्यावर डोळे मिटून बसलेल्या सासूबाईंना सांगायची. पुस्तक त्या वेळी सासूबाईंच्या मांडीवर असे. खुणेच्या फितीपासून शेवटापर्यंतची जाडी त्या अंगठ्यानं चाचपत राहत आणि मधूनच सुनेला धारेवर धरत.

"एवढंच उरलंय आणि खलनायक अजून मोकळा? काहीतरी गाळलंयस तू."

गोष्ट संपली की सासूबाई फोनकडे वळत. मैत्रिणींना पुस्तकं सुचवणं हा त्यांचा दुसरा धर्म होता. बटणं नीट दिसत नसल्यामुळे फोन मोठ्या आवाजावर असे आणि सगळं घरभर ऐकू येई. निवृत्त मुख्याध्यापिकेला त्या सांगत, "तू खुनाची घे. प्रेम आहे, पण प्रेत सापडल्यावर. तुझ्या स्वभावाला मानवेल." खालच्या मजल्यावर केस कापण्याचं दुकान असलेल्या बाईला दवाखान्यातली, कारण त्यातला डॉक्टर तापट असला तरी मनानं लोणी होता. बँकेतून निवृत्त झालेल्या मैत्रिणीला भुताची. "नायक आधीच मेलेला आहे, त्यामुळे घरात पसारा नाही." आणि गेल्या महिन्यात वाचलेली म्हाताऱ्यांची तर त्यांनी झाडून सगळ्यांना सुचवली होती. तीत चुंबनाआधी दोघं चष्मे काढून ठेवतात आणि नंतर पुढचं अख्खं प्रकरण ते शोधण्यात जातं.

इतक्या तऱ्हेची प्रेमं त्या घरात रोज बोलली जात होती. फक्त एका माणसाचं नाव निघत नव्हतं. सासूबाईंचा मुलगा, सुनेचा नवरा, चार वर्षांपूर्वी आजारपणात गेला. सुरुवातीला दोघी त्याच्याबद्दल बोलायला जात आणि वाक्य अर्धंच राही. मग हळूहळू दोघींनी तो विषय एकमेकींपासून जपून बाजूला ठेवला. त्याच्या फोटोवरची धूळ मात्र कुणीतरी रोज पुसत होतं. कोण पुसतं, हे दोघीही विचारत नसत.

आणि आता सुनेच्या पोटात एक गोष्ट होती जी कुठल्याच पुस्तकात नव्हती.

इस्पितळातल्या लिफ्टची देखभाल करणारा मेकॅनिक मनगट सुजवून तिच्याकडे आला होता. तिनं आधी त्याचं हाड पाहिलं, चेहरा नंतर. हाड मोडलेलं नव्हतं. तरी पुढच्या फेरीला तो मनगट बरं झाल्याचं सांगायला आला, त्याच्या पुढच्या फेरीला दुसरंही मनगट बरंच असल्याचं सांगायला आला. बोलण्याआधी तो फडक्याला हात पुसायचा, नुसतं 'येतो' म्हणायचं असलं तरी. वर्ष झालं होतं. लग्नाचं त्यानंच विचारलं. "आईंना सांगितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही," ती म्हणाली होती. "सांगून झालं की सांगा," एवढंच तो म्हणाला आणि घाई केली नाही. त्याला घाई नव्हती म्हणून तिला जास्तच वाईट वाटत होतं. रोज संध्याकाळी ती मनाचा हिय्या करायची, आणि रोज थेंब घालून राजकन्येकडे वळायची. ज्या बाईचा एकुलता एक मुलगा गेला तिच्यासमोर दुसऱ्या माणसाचं नाव कुठल्या तोंडानं घ्यायचं?

राजकन्या संपली त्या दिवशी वाचनालय बंद होतं. नवं पुस्तक नव्हतं.

"मोबाइलवर वाचलीय एक," सून एकदम म्हणून गेली. "बोटीवरची आहे."

"बोटीवरची आपण केलीच नाही कधी!" सासूबाईंनी लगेच डोळे मिटले. मांडीवर पुस्तक नसल्यामुळे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी एक उशी घेतली.

मग सुनेनं इस्पितळ उचलून समुद्रात सोडलं. नायिका जहाजावरची परिचारिका झाली. नायक खाली इंजिनात काम करणारा, मनगट सुजलेला.

"तिच्या घरी कोण कोण?" सासूबाईंनी विचारलं. हा प्रश्न त्या प्रत्येक नायिकेबद्दल विचारायच्या.

"सासू होती. वारली."

"कशानं?"

"तापानं."

"आणि नवरा?"

"तो बुडाला. आधीच. खूप आधी."

"हं," सासूबाई म्हणाल्या. "पुढे?"

त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर सुनेला स्वतःचीच लाज वाटली. वेळ मारून न्यायला तिनं दोन माणसं मारली होती.

पण सासूबाईंना गोष्ट आवडली. दुसऱ्याच दिवशी सून कपड्यांच्या घड्या घालत असताना आतून फोनवरचं बोलणं ऐकू आलं.

"बोटीवरची म्हणून माग. नाव विचारायचं राहिलं बघ. सावकाश जाते, पण माणसं खरी आहेत. नायक बोलायच्या आधी हात पुसतो. असं कुणी उगाच लिहीत नाही. सासूला मात्र फुकट मारलंय."

सुनेच्या हातातली घडी विस्कटली. मुख्याध्यापिकाबाई एकदा पुस्तक शोधायला लागल्या की वाचनालय उलथंपालथं करतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी गोष्ट आटोपती घ्यायची असं ठरवूनच ती बसली. पण सांगता सांगता रंगली. खरं म्हणजे वर्षभरात हे सगळं कुणालातरी सांगायची ही पहिलीच संधी होती.

"आणि रोज दुपारी ती बघायची, तर हा एकटाच चौथ्या मजल्यावर डबा खात बसलेला."

"बोटीवर?"

"म्हणजे... चौथ्या डेकवर."

मिटलेल्या पापण्यांखाली सासूबाईंची बुबुळं जराशी हलली. उशीवरचे हात तसेच राहिले. "सांग ना," त्या म्हणाल्या, आणि नेहमीसारखं मधे मधे बोलणं त्या दिवशी त्यांनी केलं नाही. नायक लग्नाचं विचारतो तिथपर्यंत गुपचूप ऐकलं.

फोन आला तो तिसऱ्या दिवशी. सून नुकतीच कामावरून आली होती, चहा कपात ओतत होती. मुख्याध्यापिकाबाईंचा आवाज भिंतींना हादरे देत घुमला.

"अगं, ते तुझं बोटीचं पुस्तक! वाचनालयातल्या बाई म्हणतात असं काही पुस्तकच नाही. मी सगळी कपाटं उघडायला लावली. केस कापणारीही विचारून गेली म्हणे. तुझ्या सुनेला विचार बरं नीट, लेखक कोण आहे ते!"

सून दारात उभी राहिली. हातातला कप तिनं खाली ठेवला.

"मिळायचं नाही तुला," सासूबाई शांतपणे फोनमध्ये म्हणाल्या. "एकच प्रत आहे. ती आमच्या घरात आहे."

"मग वाचून झाली की दे!"

"आमचीच अजून व्हायचीय," सासूबाई म्हणाल्या आणि चाचपडत फोन बंद केला.

रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं.

"आई..."

"बस इथं."

सून खाली, त्यांच्या पायाशी बसली.

"सासूला तापानं मारलंस," सासूबाई म्हणाल्या. "त्याबद्दल माझी तक्रार नाही. कादंबरीत सासूची अडचणच होते, इतकी वर्षं वाचतेय मी. पण तो नवरा. दोन वाक्यांत बुडवलास गं त्याला."

सुनेला रडू कोसळलं. इतक्या वर्षांचं रडू एकदम आलं. तिनं त्यांच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं आणि तुटक तुटक म्हणाली, "त्याच्याबद्दल बोलले तर तुम्हाला त्रास होईल असं वाटायचं."

"आणि मला वाटायचं तुला होईल." सासूबाईंनी पदरानं आधी स्वतःचे डोळे टिपले, मग तोच पदर तिच्या हातात दिला. "तू लग्न कर. मी नाही म्हणणार नाही, म्हणायची नव्हतेच. पण तू गेलीस की या घरात त्याला ओळखणारं माझ्याशिवाय कुणी उरत नाही. मला तेवढीच भीती वाटते. त्याला एक पान तरी ठेव."

सुनेनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "दाढी करताना शिट्टी वाजवायचा."

"आणि कापून घ्यायचा."

"हनुवटीला कागदाचे चिठोरे लावून ऑफिसला जायचा. मी आठवण केली नाही तर तसाच."

"लहानपणी पुढचा दात पडला तेव्हा शिट्टी वाजेना, म्हणून दोन दिवस रुसला होता," सासूबाई म्हणाल्या. "हे तुला माहीत नसेल."

नव्हतं माहीत. तिला रडता रडता हसू आलं, सासूबाईंनाही आलं, आणि मग एकीची आठवण दुसरीनं पुढे नेत दोघी कितीतरी वेळ बोलत राहिल्या. चहा गार झाला. अंधारून आलं तरी दिवा लावायचं कुणाला सुचलं नाही.

"हे सगळं," सासूबाईंनी विचारलं, "त्या तुझ्या इंजिनवाल्याला सांगतेस?"

"लिफ्टवाला आहे, आई."

"तोच. ऐकून घेतो का?"

"तोच विचारतो," सून म्हणाली. "परवा म्हणाला, शिट्टीत कुठली चाल वाजवायचा ते वाजवून दाखवा. मला कुठे येते शिट्टी?"

सासूबाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. सुनेला वाटलं, आपण फार बोललो. तेवढ्यात त्यांनी ओठ आवळले. आधी नुसती हवा आली. दुसऱ्यांदा सूर लागला, मधेच घसरला, पुन्हा सावरला. तीच चाल, आणि जिथे तो नेहमी चुकायचा तिथेच चुकलेली.

"ही," सासूबाई श्वास घेत म्हणाल्या. "तुला जमायची नाही. बोटीवरून उतरव त्याला आणि घरी घेऊन ये. मी वाजवून दाखवते."