जावळाचे सोयरे

नफ्यापेक्षा माणूस मोठा, हे तत्त्व आयुष्यभर पाळणाऱ्या कारखानदारांत आमच्या तार्मा गावच्या सेवेरो उआमान यांचं नाव आदरानं घ्यावं लागेल. तत्त्व वगैरे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना नाही म्हणता येत नसे.

त्या रविवारी ते रुफिनाच्या दारात उभे होते, ते तिला कामावरून काढायला.

"आज सांगूनच या, बाबा," मुलगी व्हियोलेतानं बजावलं होतं. "एक पगार कमी झाला नाही तर बँक कुलूप लावेल. मग सगळेच घरी बसतील."

कारखाना सोड्याचा, काचेच्या बाटल्यांचा. राजधानी लीमाहून प्लास्टिकच्या बाटल्या यायला लागल्या आणि खप निम्म्यावर आला. व्हियोलेता हिशेबाचं शिकून आलेली. कारखान्यात आकडे कळणारी ती एकटी.

"रुफिना बाटल्या सगळ्यांत स्वच्छ धुते गं," सेवेरो म्हणाले होते.

"मग दुसऱ्या कुणाला काढा. जमेल?"

जमणार नव्हतं. आमच्याकडे पोराचं जावळ ज्याच्या हातून निघतं, तो त्याच्या आईबापांचा कोंपाद्रे होतो, आणि पोराची आई त्याची कोमाद्रे. सख्ख्या भावाला कोर्टात खेचता येतं. कोंपाद्रेला कामावरून काढता येत नाही. आणि सेवेरोंनी कारखान्यातल्या प्रत्येकाच्या घरी कात्री चालवलेली होती. रुफिना नवीन. तिच्या पोराचे केस अजून पाठीवर रुळत होते.

मालक येणार असा निरोप व्हियोलेतानं आदल्या दिवशीच पाठवला होता. ती चूक. अंगणात शेजारीपाजारी जमले होते, डुक्कर भाजलं जात होतं, आणि मधोमध खुर्चीवर पोर बसलं होतं, केसांच्या बारीक वेण्यांना रिबिनी बांधून.

"या मालक. चिचा घ्या."

"रुफिना, कामाचं बोलायचं होतं."

"कोरड्या घशानं?"

त्यांनी मक्याच्या दारूचा तो पेला रिकामा केला. तिनं पुन्हा भरला.

"कशाला आलात ते कळतंय मला," ती हळू आवाजात म्हणाली. "घरात दुसरं कमावतं कुणी नाही. पण विनवण्या करायची नाही मी." आणि तिनं ताट पुढे केलं. ताटात कात्री होती.

"घ्या हो मालक," शेजारची म्हातारी ओरडली. "पोराला ऊन लागतंय, अन् डुक्कर करपतंय."

सेवेरोंनी पहिली वेणी कापली.

"आता बोला, कोंपाद्रे," रुफिना म्हणाली.

"काही नाही, कोमाद्रे." त्यांनी डुकराचा तुकडा चाखला. "मीठ जरा कमी आहे."

घरी व्हियोलेतानं त्यांच्या बाहीवरचा केस चिमटीत धरून उजेडात पाहिला.

"सांगितलंत?"

"सांगायलाच गेलो होतो."

ती खुर्चीत बसली.

"म्हणजे आता तुमच्याकडे काढता येण्यासारखा एकच पगार उरला," ती म्हणाली.

"कुणाचा?"

"माझा. मला काही तुम्ही कोमाद्रे म्हणत नाही."

सेवेरोंनी टोपी काढली, आतून पुसली, परत घातली. "जेवून तरी जा," ते म्हणाले.

ती बुधवारच्या बसनं गेली. अख्खा कारखाना तिला पोचवायला आला होता. रुफिनानं वाटेसाठी उकडलेले बटाटे दिले. बँकेचं समाधान झालं. कारखाना अजून चालू आहे, एकही माणूस कमी झालेला नाही. नफा होतो की तोटा, हे आता तिथे कुणालाच कळत नाही.