तेल वाढवणारा ट्रॅक्टर

जगातले सगळे ट्रॅक्टर तेल पितात. आमच्या काकांचा ट्रॅक्टर तेल देत असे. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. मी डोळ्यांनी पाहिलंय. काका तेल मोजायची पट्टी ओढून काढत आणि वरच्या खुणेच्याही वर चढलेलं काळं तेल येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. "एक थेंब टाकला नाही हो! दुभतं आहे, दुभतं!"

काकूचा भाऊ मेकॅनिक. त्यानं ते तेल बोटांत चोळलं, हुंगलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"दाजी, यात डिझेल उतरतंय. पंप आतून गळतोय. तेलाचं पार पाणी झालंय. पंप बदला, हे सगळं ओतून द्या, नवं इंजिन ऑइल भरा. तोवर चालू करू नका. ताई चालवते हा ट्रॅक्टर!"

"लग्नापासून ऐकतोय तुझे सल्ले," काका म्हणाले. "अजून संपले नाहीत होय रे?"

पण 'पाणी' हा शब्द त्यांना झोंबला. पातळ झालंय ना? मग दाट करू! गिअरबॉक्ससाठी आणलेलं मधासारखं तेल त्यांनी इंजिनात रिचवलं. पट्टी बुडाली. बोटांमध्ये तेलाची तार सुटू लागली. काका खूश.

सकाळी काकू सीटवर बसली. "अहो, वास कसलातरी येतोय."

"तुझ्या भावाचा असेल."

इंजिन सुरू झालं आणि त्याचा आवाज आपोआप चढू लागला. काकूनं रेस कमी केली. आवाज चढला. तिनं बंद करायची दांडी ओढली. आवाज आणखी चढला. काकांनी धावत येऊन डिझेलची तोटी बंद केली. पण इंजिनाला आता डिझेल नकोच होतं. ते स्वतःचंच तेल जाळत सुटलं होतं. निळ्या धुरानं अंगण भरलं, घराच्या काचा तडकल्या, सायलेन्सर लालभडक झाला.

"अगं, उडी मार!"

"ब्रेक सोडला तर हा उतारावरून रस्त्यात जाईल!" काकू ओरडली. रस्त्यावर माणसं होती.

काकांनी अंगातला कोट काढून इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या नळीत कोंबला. इंजिनानं तो बटणांसकट गिळला आणि आणखीच पिसाळलं. तेवढ्यात मेहुणा फळी घेऊन धावला, ती नळीच्या तोंडावर टाकून वर छातीनं रेलला. फळी मधोमध वाकली. आतून कुणीतरी धाप लागल्यासारखा श्वास ओढला, आणि मग सगळं थांबलं.

मेहुण्यानं आधी चाकांना दगड लावले. काकूचे हात मात्र स्टिअरिंगवरून सुटेनात. एकेक बोट उचलून पाहिलं, व्यर्थ. शेवटी त्यानं मधला नट खोलला आणि काकू स्टिअरिंग हातात घेऊनच घराकडे चालू लागली.

काका मागून निघाले. ती चाक डावीकडे फिरवी, की काका डावीकडे वळत. उजवीकडे फिरवी, की उजवीकडे. दारापाशी पोचल्यावर तिनं चाक हळूच पूर्ण उलटं फिरवलं. काका तसेच वळले आणि नवा पंप आणायला चालू लागले. त्यांना मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही.