पानं हिरवी असताना

टुप.

जेवणाच्या टेबलापर्यंत तो एवढासा आवाजही ऐकू आला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात हॅटी पत्र्याच्या टबासमोर उकिडवी बसून ओकच्या बिया एकेक करून पाण्यात सोडत होती. बुडाली की चांगली. तरंगली की आतून पोकळ, अळीनं खाल्लेली. आठवडाभर तापानं निजलेल्या पाच वर्षांच्या पोरीला आज पहिल्यांदा काहीतरी करावंसं वाटलं होतं, आणि हा निवाडा तिचा आवडता होता.

"मम्मा, हीपण तरंगली."

"मग वाटीत टाक तिला, राणी."

वाटी भरत आली होती. एका बीच्या भोकातून पांढरी, गुबगुबीत अळी अर्धी बाहेर आली होती आणि उरलेलं अंग ओढायला धडपडत होती. डेलानं नजर वळवली, तर समोर सासरे. वर्लननी खालच्या ओठातली तंबाखू जिभेनं सारखी केली, कागदी पेल्यात पिंक टाकली आणि तो पेला मक्याच्या पावाच्या थाळीला खेटून ठेवला. नेहमीसारखाच.

"मग, ड्वेन," ते मुलाला म्हणाले, "फळ्यांचं काय?"

"पानं पिवळी झाल्यावर, पॉप." ड्वेन ताटातल्या घेवड्याच्या दाण्यांकडे बघत बोलला. "डेलाला शब्द दिलाय मी."

वर्लन तोंड मिटून हसले. खांदे तेवढे हलले. "बायकोला शब्द दिलाय, मग काय बोलायचं. पाहुणे येतील तेव्हा बदकांनाही सांगू, बाबांनो थांबा जरा, सूनबाईंची झाडं अजून झोपायची आहेत."

डेलानं थाळी उचलली आणि पेल्यापासून लांब नेऊन ठेवली.

घरामागे ओढ्याच्या काठी त्यांचं सखल जंगल होतं, वर्लनच्या वडिलांच्या काळापासूनचं. बांधाच्या तोंडाशी लोखंडी चौकट. तिच्या खाचांमध्ये एकावर एक फळ्या सरकवल्या की ओढ्याचं पाणी झाडांमध्ये पसरून गुडघाभर उभं राहायचं. मग उत्तरेकडून बदकं उतरायची, ओकच्या बिया खायची, आणि शहरातून आलेले पाहुणे झाडांच्या बुंध्यांना टेकून त्यांना टिपायचे. पानं पिवळी झाल्यावर पाणी घेतलं आणि कळ्या फुटायच्या आत सोडलं, तर झाडाला त्याचं काही वाटत नाही. पण वर्लनना दरवर्षी थोडी घाई व्हायची, आणि सोडताना थोडा उशीर. एवढ्यानंच जंगल आतून सडत चाललं होतं. बुंधे खाली सुजायचे, शेंडे विरळ व्हायचे, आणि एखाद्या वादळात भलं मोठं झाड मुळांसकट आडवं व्हायचं. त्याच्या जागी उगवायचा तो दुसऱ्या जातीचा ओक, ज्याची बी बदकाच्या घशाखाली उतरत नाही. बदकांसाठी म्हणून कोंडलेलं पाणी बदकांचंच खाणं मारत होतं, आणि हे सांगितलं की वर्लन पिंक टाकायला पेला शोधायचे.

डेलाला त्या सगळ्याचीच किळस आली होती. मागच्या जानेवारीत ती कोंबड्यांचं खाद्य आणायला शेडमागे गेली, तेव्हा तिथं बदकांचा ढीग पडलेला होता. फक्त छातीचं मांस कापून घेतलेलं, बाकी सगळं तसंच. हिरवी चमकदार डोकी, उघड्या चोची, थंडीनं कडक झालेले पंख. कुत्रंही त्याला तोंड लावत नव्हतं. त्या रात्री पाहुण्यांनी ताटात वाढलेलं तेच मांस वाखाणलं होतं आणि तिला बाहेर जाऊन ओकावं लागलं होतं. ड्वेन तिच्या पाठीवर हात फिरवत उभा होता. "आपल्या हातात आलं ना, की असं नाही होऊ देणार," तो म्हणाला होता.

मरून पडलेल्या झाडांच्या मोकळ्या जागेत रोपं लावायची कल्पना तिची, पण खड्डे त्यानं खणले होते. दोन हिवाळे. हॅटीनं प्रत्येक रोपाशेजारच्या काठीला आपली जुनी लाल रिबन तुकडे करून बांधली होती. रोपं आता तिच्या गुडघ्याला लागत होती.

जेवणं झाली. बुडालेल्या बिया डेलानं जंगलात पेरायला म्हणून ओल्या फडक्यात बांधून बादलीत घातल्या.

"आज नको जाऊस," ड्वेन म्हणाला. "पोर नुकती उठलीय. हवेत गारवा आहे."

"ऊन आहे चांगलं. तीच मागे लागलीय."

मग त्यानं हॅटीच्या कोटाचं वरचं बटण लावलं, आणि लावलेलंच पुन्हा एकदा लावलं. डेलाला भरून आलं. या आठवड्यात ती पोरीच्या उशाशी बसलेली असताना त्यानं आपले चिखलाचे कपडेसुद्धा स्वतः धुऊन वाळत घातले होते, न सांगता.

वाटेत हॅटीची बडबड चालू होती. मुळांना नाक कुठं असतं, हे तिला पुन्हा ऐकायचं होतं. ताप यायच्या आधी आंघोळीच्या वेळी डेलानं तिला ते दाखवलं होतं: नाक चिमटीत धरायचं, डोकं पाण्याखाली. बघ, किती वेळ राहवतं? झाड जागं असताना त्याच्या मुळांना तसंच होतं. हिवाळ्यात झोपलं की मग चालतं.

"आत्ता जागी आहेत?"

"पानं हिरवी आहेत ना? मग जागी."

आधी वास आला. कुजक्या पानांचा, साचलेला, गोडसर वास, जो जानेवारीत यायला हवा होता. मग वाट संपली. पुढे पाणी होतं. डोक्यावर हिरवी गच्च पानं, आणि खाली बुंध्याबुंध्यामधून काळं, हलत नसलेलं पाणी, त्यावर तेलासारखी साय. मोकळ्या जागेत लाल रिबनी दिसत होत्या, पाण्याला टेकलेल्या. रोपं दिसत नव्हती.

तोंड मिटून हसणारे वर्लन तिच्या डोळ्यांसमोर आले. तो पेला उचलून त्यांच्याच ताटात उपडा करायचा, एवढं एकच तिला सुचत होतं. तिनं हॅटीला कडेवर घेतलं आणि बांधावरून तरातरा चौकटीपाशी आली. फळ्या पार वरपर्यंत लावलेल्या होत्या. त्या उचलायचा लोखंडी आकडा खुंटीला नव्हता.

तिनं पोरीला खाली ठेवलं आणि वाकून पाहिलं. म्हाताऱ्याचं काम ती ओळखून होती. फळ्यांमधल्या फटी तो कोळशाची राख आणि गवत कोंबून बुजवायचा, आणि तरी त्या गळायच्या. या गळत नव्हत्या. फटींमध्ये कापडाच्या पट्ट्या नीट, सारख्या दाबून बसवल्या होत्या. पिवळं फ्लॅनेल. त्यावर पांढरी बदकं, चिखलानं तपकिरी झालेली.

ते दुपटं ती ओळखत होती. पाच वर्षांपूर्वी इस्पितळातून घरी येताना त्यातच हॅटीला गुंडाळलं होतं. झोपायच्या खोलीतल्या कपाटात, वरच्या खोक्यात ते असायचं, आणि त्या कपाटाला वर्लननी कधी हात लावला नव्हता.

ड्वेननं धुऊन दोरीवर वाळत घातलेली पँट तिला आठवली. बटण लावणारी बोटं आठवली. जानेवारीतल्या त्या रात्री पाठीवरून फिरलेला हात आठवला; आता तो नको होता. तिनं एका पट्टीचं टोक धरून ओढलं. बोटांना गिळगिळीत लागलं. पट्टी लांबत लांबत सुटून आली आणि फटीतून बोटभर धार पलीकडे उडू लागली. आत एवढं पाणी, आणि बाहेर ही एवढीशी धार. तिनं दुसरी पट्टी ओढली. ती निघेना.

मागे हॅटी बांधाच्या कडेला, रिबनींकडे तोंड करून उभी होती. डेलानं वळून पाहिलं. पोरीनं नाक चिमटीत घट्ट धरलं होतं, गाल फुगवले होते, आणि चेहरा लाल होत चालला होता.

"हॅटी, काय करतेस? सोड."

पोरीनं मान हलवली. शेवटी राहवेना तेव्हा हात काढला, मोठा श्वास घेतला, आणि लगेच पुन्हा नाक धरायच्या तयारीत आईकडे पाहिलं.

"मम्मा, रोपांना अजून किती वेळ नाक धरायचंय?"